विश्लेषण : लस खरेच काम करते, हे हाफकिन यांनी कसे सिद्ध केले?

परळच्या आचार्य दोंदे मार्गावरील हाफकिन संस्था मुंबईकरांना ठाऊक असते ती सर्पदंशावरील औषधामुळे किंवा पोलिओच्या डोसमुळे. ज्यांचे नाव या संस्थेला आहे ते वाल्डेमार हाफकिन प्लेगची लस शोधणारे शास्त्रज्ञ होते, एवढेच बहुतेकांना माहीत असते. पण लस तयार करण्याइतकेच मोठे त्यांचे दुसरे काम आहे. ती लस गुणकारी आहे की नाही, हे मोजून दाखवण्याचा त्यांनी आग्रह धरला. औषधाला पुरावा का लागतो आणि तो कसा मिळवायचा, याचे उत्तर त्यांच्या आयुष्यात सापडते. विशेष म्हणजे, आयुष्यभर पुरावा मागणाऱ्या या माणसाला पुराव्याकडे दुर्लक्ष करूनच दोषी ठरवण्यात आले.

हाफकिन कोण होते?

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. हे शहर आज युक्रेनमध्ये आहे, तेव्हा ते रशियन साम्राज्यात होते. तिथल्या विद्यापीठात त्यांनी प्राणिशास्त्राचा अभ्यास केला. पुढे नोबेल पारितोषिक मिळवणारे इल्या मेच्निकोव्ह हे त्यांचे गुरू. विद्यार्थिदशेतच हाफकिन झारशाहीविरोधी क्रांतिकारी चळवळीत ओढले गेले. ज्यूंच्या वस्तीवर हल्ले झाले तेव्हा ते बचावासाठी उभे राहिले, जखमी झाले, त्यांना अटकही झाली. मेच्निकोव्ह यांनी शब्द टाकला म्हणून ते सुटले. धर्म बदलला तर विद्यापीठात वरचे पद मिळण्याची शक्यता होती. त्यांनी धर्म बदलला नाही आणि पदही मिळाले नाही.

१८८८ मध्ये ते जिनिव्हाला आणि पुढच्या वर्षी पॅरिसला गेले. मेच्निकोव्ह तेव्हा लुई पाश्चर यांच्या संस्थेत होते, पण तिथे रिकामी जागा होती ती फक्त ग्रंथालयात. हाफकिन साहाय्यक ग्रंथपाल झाले आणि मोकळ्या वेळात प्रयोगशाळेत काम करू लागले. इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. हाफकिन हे डॉक्टर नव्हते. ते प्राणिशास्त्राचे पदवीधर होते, परदेशी होते, ज्यू होते आणि त्यांच्या नावावर रशियातील अटकही होती. पुढे ब्रिटिश हिंदुस्थानातील वैद्यकीय अधिकाऱ्यांना त्यांच्याबद्दल जो संशय वाटत राहिला, त्याची मुळे यात होती.

स्वतःला लस टोचून घेतली, ते पुरेसे नव्हते का?

पॅरिसमध्ये हाफकिन यांनी पटकीवर, म्हणजे कॉलऱ्यावर, काम सुरू केले. रॉबर्ट कॉख यांनी या रोगाचा जंतू १८८३-८४ मध्ये ओळखला होता. हाफकिन यांनी तो जंतू एका गिनिपिगमधून दुसऱ्यात असा ३९ वेळा नेऊन त्याची तीव्रता वाढवली, त्यापासून लस तयार केली आणि १८ जुलै १८९२ रोजी ती स्वतःला टोचून घेतली. ताप आला, दंड दुखला, पण ते सुखरूप राहिले.

हे धाडस होते, पण पुरावा नव्हता. लस घेतलेला माणूस दगावला नाही, एवढेच त्यातून कळते. लस घेतल्यामुळे तो रोगापासून वाचेल का, याचे उत्तर त्यातून मिळत नाही, कारण पॅरिसमधल्या त्या खोलीत त्यांना पटकी होण्याचा फारसा संभवच नव्हता.

याआधीचे एक उदाहरण सर्वांच्या डोळ्यांसमोर होते. १८८५ मध्ये स्पेनमधील व्हॅलेन्सिया भागात हायमे फेरान यांनी पटकीची लस हजारो लोकांना टोचली होती. मात्र लस तयार करण्याची रीत त्यांनी उघड केली नाही आणि लस घेतलेल्या व न घेतलेल्या लोकांची विश्वासार्ह आकडेवारीही ते देऊ शकले नाहीत. पाहणीसाठी आलेल्या परदेशी तज्ज्ञांनी त्यांचा दावा मान्य केला नाही. कल्पना चुकीची नव्हती, तरी पुराव्याअभावी ती मागे पडली.

कोलकात्यात त्यांना काय उमगले?

हिंदुस्थानचे माजी व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन तेव्हा पॅरिसमध्ये ब्रिटिश राजदूत होते. त्यांच्या पाठिंब्यामुळे हाफकिन मार्च १८९३ मध्ये कोलकात्यात उतरले. पहिल्या वर्षी त्यांनी उत्तर हिंदुस्थानभर फिरून हजारो लोकांना लस टोचली. वर्षअखेरीस हिशोब मांडला, तेव्हा हाती फारसे काही नव्हते. जिथे लस टोचली तिथे साथ आलीच नाही, आणि आली तिथे लस घेतलेली माणसे विखुरलेली होती. मग तुलना कुणाशी करायची?

आकडा मोठा असला की पुरावा मोठा होतो, असे आपल्याला वाटते. हाफकिन यांच्या लक्षात आले की तसे नसते. लस घेतलेले आणि न घेतलेले लोक एकाच ठिकाणी, एकाच वेळी, एकच पाणी पिऊन राहत असतील, तरच काही कळेल.

मार्च १८९४ मध्ये ही संधी आली. कोलकात्याचे आरोग्य अधिकारी डॉ. सिम्पसन यांच्या मदतीने ते काठाल बागान या झोपडवस्तीत गेले. तिथे पटकीने दोघे दगावले होते. वस्तीत सुमारे २०० लोक राहत. त्यांपैकी ११६ जणांनी लस घेतली. त्यानंतर वस्तीत पटकीचे आणखी १० रुग्ण आढळले आणि त्यांतले ७ दगावले. हे सगळे लस न घेतलेल्यांपैकी होते. वस्ती लहान होती, पण वर्षभराच्या भटकंतीने जे दिले नव्हते ते या एका वस्तीने दिले.

या कामात त्यांच्याबरोबर बंगाली डॉक्टरांची तुकडी होती. लोकांचा विश्वास बसावा म्हणून हाफकिन सगळ्यांसमोर आधी स्वतःला लस टोचून घेत. आसामच्या चहामळ्यांतही ते गेले. तिथे मजुरांच्या नोंदी ठेवलेल्या असत, त्यामुळे तुलना करणे सोपे जाई. १८९५ पर्यंत सुमारे ४२ हजार लोकांना लस टोचून झाली होती. मग मलेरियाने खंगलेले हाफकिन काही काळ युरोपात परतले.

मुंबईत ते कसे आले?

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईतील मांडवी भागात मूळचे गोव्याचे असलेले डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. बघता बघता साथ शहरभर पसरली. लाखो लोक मुंबई सोडून गावाकडे निघाले. सरकारने गटारे धुतली, घरांत कार्बोलिक अॅसिड फवारले, रुग्णांना सक्तीने रुग्णालयात हलवले. यांतल्या कुठल्या उपायाने किती जीव वाचले, हे कुणीच मोजत नव्हते. साथ पुण्यात पोहोचली. प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. घराघरांत घुसून होणाऱ्या तपासण्यांचा संताप इतका वाढला की जूनमध्ये पुण्यात प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या.

हाफकिन ऑक्टोबर १८९६ मध्येच मुंबईत दाखल झाले होते. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांना एक खोली आणि एक व्हरांडा मिळाला. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई होते. बोकडाच्या मांसाच्या पाण्यात त्यांनी प्लेगचे जंतू वाढवले. वर तुपाचे किंवा खोबरेल तेलाचे थेंब तरंगत ठेवले की जंतू त्यांना लटकून झपाट्याने वाढत. मग ते उष्णता देऊन मारायचे आणि त्या मेलेल्या जंतूंचे द्रव म्हणजे लस. जंतू मेलेले असले तरी शरीर त्यांना ओळखून प्रतिकाराची तयारी करते, हे यामागचे तत्त्व.

१० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ही लस स्वतःला टोचून घेतली, आणि तीही १० घन सेंटिमीटर इतक्या मोठ्या मात्रेत. चांगलाच ताप आला, पण ते उठून कामाला लागले. पुढचा प्रश्न पुन्हा तोच होता. लस अपायकारक नाही हे दिसले, पण ती उपयोगी आहे का?

भायखळा तुरुंगात काय घडले?

त्या जानेवारीच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तुरुंग ही एका अर्थाने बंदिस्त वस्ती. सगळ्यांचे अन्न एक, पाणी एक, बराकी सारख्या, आणि कुणी पळून जाऊ शकत नाही. त्यामुळे रोग होण्याचा धोका सगळ्यांना जवळपास सारखाच होता. ३० जानेवारीला पुढे आलेल्या कैद्यांना लस टोचण्यात आली. १४७ जणांनी लस घेतली, १७२ जण लशीविना राहिले.

लस न घेतलेल्या १७२ जणांपैकी १२ जणांना प्लेग झाला आणि ६ जण मेले. लस घेतलेल्या १४७ जणांपैकी दोघांना प्लेग झाला, पण कुणीही मेले नाही.

समजा, हाफकिन यांनी सगळ्याच कैद्यांना लस टोचली असती आणि चार-पाच मृत्यू झाले असते, तर काय समजायचे? लशीने अनेकांना वाचवले, की साथ तशीही ओसरत होती, की लशीनेच माणसे मारली? तिन्ही उत्तरे देता आली असती आणि एकही खोडून काढता आले नसते. लशीविना राहिलेल्या कैद्यांमुळे तुलनेला आधार मिळाला. आज वैद्यकशास्त्र याला नियंत्रण गट म्हणते.

मात्र या चाचणीतही एक फट होती. लस घेणारे स्वेच्छेने पुढे आले होते. जे पुढे येतात ते मुळातच धट्टेकट्टे किंवा स्वतःची अधिक काळजी घेणारे असतील तर? शिवाय संख्याही लहान होती.

दमणच्या आकड्यांनी प्रश्न सुटला का?

त्याच वर्षी पोर्तुगीजांच्या ताब्यातील दमणमध्ये मोठी साथ आली. तिथले आकडे थक्क करणारे आहेत. लस न घेतलेल्या ६,०३३ लोकांपैकी १,४८२ मेले, म्हणजे जवळपास दर चौघांत एक. लस घेतलेल्या २,१९७ लोकांपैकी ३६ मेले, म्हणजे शंभरात दोनही नाहीत.

इतका फरक पाहिल्यावर आणखी काय हवे, असे कुणालाही वाटेल. पण चिकित्सक वाचकाने इथेच थांबून विचारायला हवे की हे २,१९७ लोक कोण होते? लस घेणारे तुलनेने सुस्थितीतले, हवेशीर घरांत राहणारे असतील, तर ते लशीविनाही कदाचित कमी मेले असते. मग आकड्यांतला फरक काही प्रमाणात घरांचा असेल आणि श्रेय मात्र लशीला जाईल. आजही एखादे औषध घेणारे अधिक जगतात अशा बातम्या येतात, तेव्हा हाच प्रश्न विचारावा लागतो.

उंडेरा गावातील चाचणी महत्त्वाची का?

याचे उत्तर हाफकिन यांनी फेब्रुवारी १८९८ मध्ये बडोद्याजवळच्या उंडेरा गावात शोधले. गावात प्लेग सुरू होता आणि लोकसंख्या हजाराच्या आसपास होती. हाफकिन आणि त्यांचे सहकारी बॅनरमन यांनी बडोदा संस्थानच्या अधिकाऱ्यांच्या मदतीने एकेक कुटुंब समोर बोलावले आणि प्रत्येक कुटुंबातील निम्म्या लोकांना लस टोचली. पुरुष, बायका, मुले, अशक्त माणसे दोन्ही बाजूंना शक्य तितकी सारखी वाटली जातील असे पाहिले.

यामागची युक्ती साधी होती. घर एक, चूल एक, उंदीर तेच, गरिबीही तीच. दोन गटांत फरक उरला तो फक्त लशीचा. ५१३ जणांना लस मिळाली, ४३७ जणांना मिळाली नाही. त्यानंतर लस न मिळालेल्यांपैकी २७ जणांना प्लेग झाला आणि त्यांतले २६ दगावले. लस मिळालेल्यांपैकी ८ जणांना प्लेग झाला आणि ३ दगावले. लस घेतलेल्यांमधील मृत्यूचे प्रमाण सुमारे दहा पटींनी कमी होते. दमणच्या मानाने आकडे लहान, पण पुरावा अधिक भक्कम. चाचणीचे मोल माणसांच्या संख्येइतकेच गट कसे पाडले यावर ठरते, हे उंडेराने दाखवले.

निम्म्यांना लस न देणे योग्य होते का?

हा प्रश्न टाळून पुढे जाता येणार नाही. त्या २६ मृतांत कुणाची आई असेल, कुणाचे मूल असेल, आणि त्याच घरातल्या शेजारच्या माणसाला लस मिळाली होती. आजच्या नियमांत ही चाचणी जशीच्या तशी बसणार नाही. प्रत्येकाची समजून-उमजून दिलेली संमती, नैतिकता समितीची परवानगी, कैद्यांसारख्या परावलंबी लोकांसाठी विशेष संरक्षण हे सगळे आज बंधनकारक आहे. त्या काळात यातले काहीच नव्हते. सत्ता परक्यांची होती आणि नकार देण्याची मोकळीक कैद्याला किंवा खेडुताला कितपत असेल, याबद्दल शंका घ्यायला जागा आहे.

पण दुसरी बाजूही आहे. लस वाचवते हे तेव्हा सिद्ध झालेले नव्हते. ती निरुपयोगी किंवा घातक निघाली असती, तर लस न मिळालेलेच नशीबवान ठरले असते. कोणत्या गटाचे भले होईल हे खरोखरच ठाऊक नसते, तोवरच तुलना न्याय्य असते. एकदा उत्तर मिळाले की लस सर्वांना द्यायलाच हवी. आणि चाचणी न करणे हाही एक प्रयोगच असतो. फरक इतकाच की तो सगळ्या समाजावर होतो आणि त्याच्या नोंदी कुणी ठेवत नाही.

टीकाकारांनी कोणते आक्षेप घेतले?

ब्रिटिश सरकारने नेमलेल्या प्लेग आयोगाने १८९८-९९ मध्ये देशभर फिरून साक्षी घेतल्या. विषमज्वराच्या लशीवर काम करणारे अॅल्मरॉथ राइट त्याचे सदस्य होते. आयोगाने हाफकिन यांची आकडेवारी बारकाईने तपासली. काही ठिकाणी लस न घेतलेल्यांची संख्या अंदाजाने धरली आहे, लशीची मात्रा एकसारखी नाही, असे दोष दाखवले. तरीही लशीमुळे प्लेग होण्याचे आणि प्लेगने मरण्याचे प्रमाण कमी होते, हा निष्कर्ष आयोगाने मान्य केला. टीका झाली म्हणून पुरावा कोसळला नाही. कुठे किती विश्वास ठेवायचा ते टीकेमुळे कळले.

याच सुमारास मुंबईत आणखी एक महत्त्वाचे काम होत होते. प्लेगच्या रुग्णांवर उपचार म्हणून युरोपातून वेगवेगळी रक्तद्रव्ये, म्हणजे सीरम, येत होती आणि प्रत्येकाबद्दल मोठे दावे केले जात होते. आर्थर रोड रुग्णालयात डॉ. नसरवानजी होरमसजी चोक्सी यांनी रुग्ण ज्या क्रमाने येतील त्या क्रमाने एकाआड एकाला सीरम देऊन तुलना केली. यात डॉक्टरच्या मर्जीला वाव कमी राहतो. बरा होईलसा वाटणारा रुग्ण निवडून त्याला औषध द्यायचे आणि मग औषधाची वाहवा करायची, ही पळवाट त्यामुळे बंद होते. याच वाटेची पुढची पायरी म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी, कुणाच्याही हातात नसलेली निवड. ब्रिटनमध्ये क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनची अशी चाचणी झाली आणि १९४८ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ती आजच्या चाचण्यांचा आदर्श मानली जाते.

मलकवाल येथे नेमके काय झाले?

लशीची मागणी वाढत गेली. तिसऱ्या आगाखानांनी स्वतः लस घेतली, आपल्या खोजा समाजाला घ्यायला लावली आणि प्रयोगशाळेसाठी आपला बंगलाही दिला. १० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये हाफकिन यांची प्रयोगशाळा सुरू झाली. गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नीचा १८८२ मध्ये पटकीने मृत्यू झाला, तेव्हापासून गव्हर्नरांनी ती वास्तू सोडली होती.

१९०२ मध्ये पंजाबात मोठी लसीकरण मोहीम आखली गेली. लाखो डोस हवे होते. उत्पादन वेगाने व्हावे म्हणून हाफकिन यांनी लशीत कार्बोलिक अॅसिड मिसळणे थांबवून केवळ उष्णतेने निर्जंतुक करण्याची पद्धत स्वीकारली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी मलकवाल या गावी (ते आता पाकिस्तानात आहे) १०७ जणांना लस टोचण्यात आली. काही दिवसांनी त्यांतल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि सगळे दगावले. ते सगळे एकाच बाटलीतून लस घेतलेले होते. बाटलीचा क्रमांक ५३-एन.

मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेन्किन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग बसला. बाटली परळमध्येच, उघडण्यापूर्वी दूषित झाली असावी, असा निष्कर्ष त्याने काढला. हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले. १९०४ मध्ये ते हिंदुस्थान सोडून गेले.

ते निर्दोष कसे ठरले?

चौकशीच्या कागदपत्रांतच एक साक्ष होती. बाटली उघडताना मलकवाल येथील साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता पुन्हा वापरला गेला. जमिनीच्या मातीत धनुर्वाताचे जंतू असतात. बाटली कित्येक आठवडे आधी भरलेली होती. तेव्हाच जंतू शिरले असते तर ते आत वाढून विष तयार झाले असते, बाटलीला घाण वास आला असता आणि रुग्णांत लक्षणे लवकर दिसली असती. तसा वास आला नव्हता आणि लक्षणे साधारण आठवड्याने दिसली. म्हणजे जंतू बाटली उघडताना शिरले असण्याची शक्यता कितीतरी अधिक होती.

हाफकिन यांनी वर्षानुवर्षे पत्रे लिहिली, पुरावे मांडले. मलेरियावरील संशोधनासाठी १९०२ मध्ये नोबेल मिळवणारे रोनाल्ड रॉस त्यांच्या बाजूने उभे राहिले. जुलै १९०७ मध्ये दहा नामवंत शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये पत्र प्रसिद्ध करून हाफकिन यांच्यावरील ठपका निराधार असल्याचे जाहीर केले. ब्रिटिश संसदेतही प्रश्न आला. वर्षअखेरीस सरकारने त्यांना दोषमुक्त केले. त्यांच्यावरील अन्यायात ते ज्यू असण्याचा भाग किती होता, यावर आजही लिहिले जाते. काही अभ्यासक त्याची तुलना फ्रान्समधील ड्रायफस प्रकरणाशी करतात.

ते परतले, पण मुंबईला नव्हे. परळची जागा तोवर भरली गेली होती. त्यांना कोलकात्यात नेमण्यात आले आणि माणसांवर चाचण्या करण्याची परवानगी मिळाली नाही. ज्या कामात त्यांचा हात धरणारे कुणी नव्हते, नेमके तेच काम त्यांच्याकडून काढून घेतले गेले. १९१४ मध्ये ते निवृत्त झाले. उरलेले आयुष्य त्यांनी फ्रान्स आणि स्वित्झर्लंडमध्ये एकट्याने, धर्माचरणात घालवले. लग्न केले नव्हते. २६ ऑक्टोबर १९३० रोजी लोझान येथे त्यांचे निधन झाले.

त्याआधी, १९२५ मध्ये, परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले. १८९७ ते १९२५ या काळात मुंबईतून प्लेगच्या लशीचे सुमारे २ कोटी ६० लाख डोस पाठवले गेले होते. स्वतंत्र भारताने १९६४ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

आज या कथेचे महत्त्व काय?

करोनाच्या साथीत आपण पुन्हा त्याच जागी उभे होतो. २०२० मध्ये बऱ्या झालेल्या रुग्णांच्या रक्तातील प्लाझ्मा मिळवण्यासाठी नातेवाईक रात्री-अपरात्री समाजमाध्यमांवर विनवण्या करत होते. प्लाझ्मा मिळाला आणि रुग्ण बरा झाला अशी उदाहरणे प्रत्येकाकडे होती. प्लाझ्मा न मिळताही बरे झालेल्यांची गोष्ट मात्र कुणी सांगत नव्हते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने देशातील ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर चाचणी घेतली. कुणाला प्लाझ्मा द्यायचा हे नशिबावर सोडले. मृत्यू रोखण्यात किंवा आजार बळावण्यापासून वाचवण्यात प्लाझ्माचा उपयोग दिसला नाही. मे २०२१ मध्ये हा उपचार राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतून वगळण्यात आला. त्याच निकषावर स्टेरॉइडसारखे स्वस्त औषध गंभीर रुग्णांसाठी उपयोगी ठरले आणि टिकले.

भारतात चाचणी सुरू करण्याआधी तिची नोंद सरकारी नोंदवहीत करणे २००९ पासून बंधनकारक आहे. त्यामुळे नको असलेले निष्कर्ष दडपून ठेवणे अवघड जाते. २०१९ च्या नियमांनुसार चाचणीत इजा झाल्यास भरपाईची तरतूद आहे. मलकवालच्या १९ कुटुंबांना असे काही मागण्याची सोयच नव्हती.

एखादे औषध गुणकारी असल्याचे कुणी सांगितले, तर सामान्य माणसाने विचारण्याजोगा प्रश्न एकच आहे. ज्यांना ते दिले नाही त्यांचे काय झाले? १८९४ मध्ये कोलकात्याच्या झोपडवस्तीत हाफकिन यांनी हा प्रश्न विचारला. उंडेराच्या घराघरांतून त्यांनी त्याचे उत्तर मोजून आणले, आणि त्या उत्तराची किंमत तिथल्या माणसांनी चुकवली. ती वाया जाऊ द्यायची नसेल, तर आपणही हा प्रश्न विचारत राहायला हवा.